294 पैकी 96

कॉलऱ्याच्या जिवाणूत जवळपास 3,900 जनुकं आहेत. 2000 साली त्याचा सगळा जीनोम वाचून झाला, तेव्हापासून ही यादी जगजाहीर आहे. त्यातल्या एका जनुकापासून टॉक्स-आर नावाचं प्रथिन तयार होतं. त्यात 294 अमिनो आम्लं असतात. आणि आमचे डोमेनराव त्यातल्या शेवटच्या 96 अमिनो आम्लांचे तज्ज्ञ आहेत. 198 पर्यंतचं त्यांना काही विचारू नका. विचारलंत तर चष्मा काढून सावकाश पुसतात आणि म्हणतात, "ते आतल्या बाजूचं. ते आमच्याकडे नाही."

बारसं मी केलेलं. प्रथिनाच्या अशा एका भागाला डोमेन म्हणतात. एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागलो आणि हा (आता सगळे अहो-जाहो करतात, म्हणून हे) एका संशोधन संस्थेत गेले. मी जंतू अख्खे वाढवणारा माणूस. टीसीबीएसच्या हिरव्या प्लेटवर कॉलऱ्याच्या पिवळ्याधमक वसाहती उगवल्या की माझा दिवस सत्कारणी लागतो. ती प्लेट एकदा मी मोठ्या कौतुकाने त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "अरे, एवढं सगळं एकदम कशाला घेऊन बसतोस?"

या जातीची माणसं एकटीदुकटी नाहीत. पाषाण रस्त्यावरच्या चहाच्या टपरीशी दुपारी चारच्या सुमाराला उभे राहा, एखाददुसरा भेटेलच. गळ्यात ओळखपत्र, खिशात कुठल्याशा एन्झाइम कंपनीनं फुकट दिलेलं पेन, आणि बोलणं असं की कुणाच्या तरी घरात कुणी तरी आजारी आहे असं वाटावं. "काल रात्रीपर्यंत चांगलं होतं हो. सकाळी बघतो तर खाली बसलेलं." "किती होतं?" "पाच मिलिग्रॅम." "अरेरे." हे प्रोटीनबद्दल चाललेलं असतं. परिषदांमध्ये मी ऐकायला जातो तेव्हा पाहिलंय, एकाच प्रथिनाच्या आतल्या टोकावर काम करणारे एका बाजूला बसतात आणि बाहेरच्या टोकावर काम करणारे दुसऱ्या बाजूला. चहाला एकत्र येतात, पण बोलतात ते हवापाण्याबद्दल.

प्रकरण मुळात रंजक आहे, तेवढं सांगायलाच हवं. कॉलऱ्याचा जंतू खाडीच्या पाण्यात असतो तोवर त्याला विष तयार करायचं काही कारण नसतं. माणसाच्या आतड्यात पोचला की मात्र तो ते ओततो आणि माणूस काही तासांत सुकून जातो. हा सगळा त्या विषाचा प्रताप आहे हे 1959 साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. कॉखनं त्याच शहरात 1884 मध्ये जंतू हेरला होता, त्यानंतर पाऊण शतकानं. आपल्याकडे त्या काळात पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत होती. पुढच्या गावानं तो आणखी पुढे ढकलायचा. पण जंतूला कळतं कसं, की आपण खाडीत नाही, पोटात आहोत? 1984 साली हार्वर्डमध्ये व्हर्जिनिया मिलर आणि जॉन मेकालॅनोस यांना विषाच्या जनुकाला चालना देणारं जनुक सापडलं, ते हे टॉक्स-आर. आणि 1987 मध्ये रॉनल्ड टेलरसह त्यांनी दाखवलं की हे प्रथिन डीएनएला हात घालतं, पण राहतं मात्र जिवाणूच्या आतल्या पटलात रुतून. हे तेव्हा अजबच होतं. डीएनए धरणारी प्रथिनं पेशीच्या पाण्यात मोकळी हिंडतात, अशी समजूत होती.

उंबरठ्यात बसलेली आजी डोळ्यांसमोर आणा. कान ओसरीकडे, हात माजघरात. ओसरीवर कोण आलंय याचा कानोसा घ्यायचा आणि चहाचं आधण ठेवायचं की नाही ते आतल्या हातानं ठरवायचं. टॉक्स-आरचं असंच. आतली साधारण 112 अमिनो आम्लं म्हणजे हात. त्याला पंखवालं हेलिक्स म्हणतात, ते डीएनएच्या खोबणीत शिरतं. मग टीसीपी-पी नावाच्या सोबत्याच्या मदतीनं टॉक्स-टीचं जनुक चालू होतं, आणि टॉक्स-टी विषाचं जनुक चालू करतं. पटलात रुतलेला भाग जेमतेम 16 अमिनो आम्लांचा. आणि पटलाबाहेरची 96 म्हणजे कान.

डोमेनराव कानाचे.

त्यांच्या स्वतःच्या कानांबद्दल वहिनींचं म्हणणं निराळं आहे. "यांना ऐकू येत नाही असं नाही," त्या सांगतात, "शेवटचं येतं." हे खरं आहे, मी प्रयोग करून पाहिलंय. "येताना कोथिंबीर, लिंबं आणि आईंच्या बीपीच्या गोळ्या आणा" असं सांगितलं की गोळ्या येतात. "गॅस बंद करा आणि दूध फ्रिजमध्ये ठेवा" असं सांगून वहिनी एकदा भाजीला गेल्या. दूध फ्रिजमध्ये होतं. कुकरचं बूड अजून माळ्यावर आहे. तेव्हापासून त्या महत्त्वाचं ते शेवटी सांगतात, आणि फारच महत्त्वाचं असेल तर तेवढंच सांगतात.

अख्खं प्रथिन सोडून शेपटाशी चिकटून राहायचं कारण शुद्ध व्यावहारिक आहे. पटलात रुतलेलं प्रथिन बाहेर काढलं की त्याचा तेलकट भाग पाण्याला भितो, गोळे होतात, सगळं खाली बसतं. म्हणून धंद्यातली रीत अशी की तेलकट भाग कापून टाकायचा आणि पाण्यात विरघळणारा तुकडा ई. कोलायकडून भरपूर बनवून घ्यायचा. या तुकड्याला कन्स्ट्रक्ट म्हणतात. आता कापायचं नेमकं कुठे? 199 वर? 203 वर? का 206 वर? या प्रश्नावर डोमेनरावांची तारुण्यातली काही वर्षं गेली. आमच्या वर्गातली मुलं एकेक करून अमेरिकेला गेली, तिथे घरं घेतली, मुलांच्या मुंजी करायला इकडे आली. तोवर डोमेनराव 203 वरून 201 वर आले होते. भेटलं की त्यांचा चेहराच सांगायचा की अलीकडची सुरी कुठे चाललीय.

तुकडा मिळाला की त्याचे क्रिस्टल करायचे, कारण क्रिस्टलवर क्ष-किरण सोडले की ठिपक्यांची नक्षी मिळते आणि तीवरून अणू न् अणू कुठे आहे ते काढता येतं. लिहायला सोपं आहे. प्लेटला चोवीस खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या कडेला सिरिंजनं ग्रीस लावायचं. खळग्यात मीठ किंवा पीईजीचं द्रावण. काचेच्या चकतीवर दोन मायक्रोलिटरचा थेंब, म्हणजे डासाच्या पोटातलं रक्तही त्याहून थोडं जास्तच असावं. चकती उलटी करून खळग्यावर अलगद टेकवायची. थेंब लोंबकळत राहतो, त्यातलं पाणी हळूहळू उडून खालच्या द्रावणात जातं, थेंब आटतो, आणि प्रथिनाच्या मनात असेल तर क्रिस्टल होतात. नसेल तर गाळ. डोमेनरावांची वही मी चाळली आहे. चोवीस चौकोन, प्रत्येकात एक शब्द: स्वच्छ, स्वच्छ, गढूळ, गाळ, गाळ, साय, स्वच्छ. एका पानावर डी-4 च्या चौकोनात "?" होतं. दुसऱ्या दिवशी त्याच चौकोनात "??". तिसऱ्या दिवशी "धागा (कपड्याचा)".

या थेंबांना हादरा चालत नाही. हादरलं की एक मोठा क्रिस्टल व्हायच्या ऐवजी शंभर बारके होतात, आणि बारक्यांचा उपयोग शून्य. माणूस पुण्यात राहणारा, त्यात संस्थेच्या मागच्या मैदानावर पावसाळ्यात ढोल-ताशा पथकाचा सराव. डोमेनराव मनानं धार्मिक आहेत, गणपतीला रोज जास्वंद वाहतात. पण जुलै उजाडला की त्यांची नास्तिकता जागी होते. एका वर्षी त्यांनी पथकाच्या मुलांना गाठून विनंती केली की बाबांनो, तिसऱ्या ठेक्यावर जरा हळू मारा, माझं न्यूक्लिएशन बिघडतंय. मुलांना दादांची कीव आली. त्यांनी खरोखरच दोन दिवस हळू मारलं. तिसऱ्या दिवशी पथकप्रमुख आला, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

शेवटी डोमेनरावांनी प्लेटा घरी हलवल्या. फ्रिजला कॉम्प्रेसरचा हादरा, म्हणून देवघराखालचं कपाट ठरलं. अठरा ते वीस अंश हवं, म्हणून शेजारच्या खोलीचा एसी दिवसरात्र. वहिनी बँकेत होत्या, त्यांना आकडे कळतात. वीजबिल त्यांनी संस्थेच्या लेटरहेडवर लावून कुठेतरी पाठवलं म्हणे. भारनियमनाच्या दिवसांत दुपारी वीज गेली की आधी कपाटाजवळ पंखा घेऊन बसायला एक माणूस लागे. तो माणूस म्हणजे त्यांची आई. "रे, हे काय वाढवतोस?" असं त्या विचारत. "आई, पटकीच्या जंतूचा कान." त्यावर म्हातारीनं देवघराकडे बघत हात जोडले होते, हे माझ्यादेखत घडलेलं आहे.

मांजराची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं व्हायचं नाही. क्रिस्टल आपणहून होत नसतील तर आधीच्या थेंबातल्या बारक्या कणांचं विरजण लावतात. एक बारीक केस जुन्या थेंबातून ओढायचा आणि नव्यातून. या कामाला सर्वांत उत्तम केस मांजराच्या मिशीचा, असं जगभरचे क्रिस्टलवाले मानतात. कंपन्या नायलॉनचे आणि प्लॅस्टिकचे तयार देतात, पण जुने लोक मिशीलाच चिकटून आहेत. मिशी टोकाला निमुळती, ताठ, आणि पृष्ठभाग जरा खरबरीत, त्यामुळे कण धरते. तर वहिनींची चिंगी नावाची बोकी होती. मिशी गळायची वाट बघायची असते, उपटायची नसते, एवढं माणूस म्हणून डोमेनरावांना कळत होतं. म्हणून ते वाट बघत. पेपर वाचताना, जेवताना, टीव्हीवर मॅच चालू असताना त्यांचं लक्ष चिंगीच्या तोंडाकडे. कामवाल्या बाईंना सक्त ताकीद, की केर टाकायचा नाही, आधी मला दाखवायचा. रोज संध्याकाळी दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून डॉक्टरेट मिळवलेला हा गृहस्थ केर निवडत बसे. चिंगीला या प्रेमाचा संशय येऊ लागला. ती त्यांच्या खोलीत यायची बंद झाली, आणि पुढे शेजाऱ्यांच्या गॅलरीतच जास्त राहू लागली. मिशा तिकडे गळू लागल्या. मग शेजाऱ्यांकडे जाऊन केर मागायचा प्रसंग आला.

त्या मिश्यांनी एकदा काम केलं. थेंबात खरोखर क्रिस्टल दिसले, लांबट, कडा धारदार, मायक्रोस्कोपखाली लखलखणारे. संस्थेत पेढे वाटले गेले. मी गेलो होतो. मी म्हटलं, मिठाचे तर नाहीत ना? मिठाचे असतील तर सुईनं दाबल्यावर कट्ट वाजतं, प्रथिनाचे भुगा होतात, एवढं पुस्तकी ज्ञान मलाही होतं. डोमेनराव म्हणाले, "इतके देखणे आहेत, दाबवत नाही रे." मग ते क्रिस्टल नायट्रोजनच्या पिंपात बसून इंदूरला गेले. तिथे राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 आहे, 172 मीटर घेराची वलयाकार भट्टी, इलेक्ट्रॉन अडीच गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर फिरतात आणि क्ष-किरण सोडतात. प्रोटीनवाल्यांसाठी बीएल-21 ही वेगळी वाट आहे. पहाटे पोहे-जिलबी खाऊन डोमेनराव पाळीवर हजर. पहिलाच फोटो आला. प्रथिनाच्या क्रिस्टलचा फोटो असेल तर असंख्य बारीक ठिपके, जवळजवळ. यात सात-आठच होते, ठसठशीत, लांबलांब. खोलीत कुणी काही बोललं नाही. बीमलाइनवरच्या पोरानं फक्त विचारलं, "सर, बफरमध्ये फॉस्फेट होतं का?"

फॉस्फेट होतं. ते मीठ मी आग्रहानं मागून घेतलं. काचेच्या कुपीत आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवलंय, मुलांना दाखवायला.

कामाचा असा वास अंगाला लागला की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. डोमेनराव माणसं ओळखतात ती दोन भागांत. एक भाग बाहेरची खबर घेणारा, दुसरा त्यावर काहीतरी करणारा. नगरसेवकाबद्दल म्हणतील, "याचा सेन्सर शाबूत आहे, आउटपुट गेलाय." सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल, "आउटपुट चोवीस तास चालू, सेन्सरच नाही." भाचीसाठी स्थळ बघायला मला बरोबर नेलं होतं. मुलगा तासभर व्यवस्थित बोलला. जिना उतरताना डोमेनराव म्हणाले, "आई बोलली की याचं काहीतरी हलतं, पण आपण विचारलं की नाही हलत. म्हणजे लिगंड ठरलेला आहे." (लिगंड म्हणजे सेन्सरला येऊन चिकटणारा रेणू.) स्थळ नाकारलं गेलं, आणि सांगायला हरकत नाही, निदान बरोबर होतं.

त्यांचे एक दूरचे मामा जबर तापट. लग्नानंतर एकाएकी निवळले. घरातले सगळे याचं श्रेय मामींना देत होते. डोमेनराव म्हणाले, "219 बदललं." याचा खुलासा मला करावा लागला. क्षयाच्या जंतूचे एच-37 कुळातले दोन भाऊ प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात. आरव्ही हा मारणारा, आरए हा मवाळ. हा आरए का मवाळला यावर बरंच खोदकाम झालं, आणि अनेक कारणांतलं एक असं निघालं की त्याच्या फॉप नावाच्या नियंत्रक प्रथिनात 219 व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन आहे. जागा डीएनए धरणाऱ्या भागातली. एक अक्षर बदललं आणि हाताची पकड गेली. मामांचं प्रकरण ऐकून मामी मात्र रागावल्या. त्यांना वाटलं, 219 हे कायद्याचं कुठलंतरी कलम आहे.

2010 साली डार्टमथच्या लोकांनी टॉक्स-टीची रचना छापली. ती जवळजवळ अख्खी, दोन्ही भागांसकट, 1.9 अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट. डोमेनरावांच्या डोक्यात यातली पहिली गोष्ट गेली ती "अख्खी". दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेपर घेऊन माझ्याकडे आले, डोळे चमकत होते. रचनेत एक आगंतुक सापडला होता. पामिटोलेइक आम्ल, सोळा कार्बनचं, कुणी घातलेलं नव्हतं, प्रथिन बनवणाऱ्या ई. कोलायकडूनच आपसूक आलेलं. ते दोन डोमेनच्या बरोबर मध्ये जाऊन बसलेलं, आणि त्याचं डोकं एका बाजूनं 31 व्या लायसिननं आणि दुसऱ्या बाजूनं 230 व्या लायसिननं धरून ठेवलेलं. ते बसलंय तोवर प्रथिन जखडलेलं, डीएनए धरता येत नाही. पित्तात असली आम्लं असतात. म्हणजे जंतू आतड्याच्या पोकळीत असेतो विषाचं दुकान बंद, आणि भिंतीजवळच्या शेंबडात शिरून पित्तापासून लांब गेला की उघडं. हे सांगताना डोमेनराव उभे राहिले होते. त्या सुमाराला त्यांच्याकडे एक मावसभाऊ आठ दिवसांसाठी आले होते आणि चौथ्या महिन्यातही होते. रात्री टीव्हीसमोरच्या सोफ्यावर ते नवराबायकोच्या मधोमध बसत. डोमेनराव घरात त्यांना पामिटोलेइक म्हणू लागले. मावसभावांना नाव आवडलं. वहिनींना वाटलं, आयुर्वेदिक असावं.

2016 मध्ये खरी सूचना येऊन गेली होती. मासळीतून जुलाब लावणारा जो कॉलऱ्याचा चुलतभाऊ आहे, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, त्याच्यात व्हीटीआर-ए आणि व्हीटीआर-सी अशी जोडी सापडली. दोघांनी मिळून एक पोकळी तयार होते, आणि पित्तातला क्षार त्या पोकळीत बसतो. कुणीही म्हटलं असतं की आपल्या टॉक्स-आरलाही जोडीदार आहे, टॉक्स-एस, शेजारच्याच जनुकातून निघणारा, तो आणून एकत्र ठेवून बघू. मीसुद्धा म्हटलं. डोमेनराव म्हणाले, "ते कोळंबीतलं आहे रे. आपलं काम वेगळं." ब्राह्मणी बाणा म्हणावा तर माणूस आठवड्यातून दोनदा सुरमई खातो. कारण वेगळंच होतं. टॉक्स-एस म्हणजे आणखी 170 च्या आसपास अमिनो आम्लं. एवढा पसारा त्यांना झेपला नसता.

2021 हे साल त्यांना दोन्हीकडून लागलं. आधी ऑस्ट्रियात ग्राझ इथे बाहेरच्या भागावर एनएमआरनं काम झालं. एनएमआरला क्रिस्टल लागतच नाहीत, नायट्रोजन-15 आणि कार्बन-13 खाऊ घालून वाढवलेलं प्रथिन नळीत पाण्यात तरंगलं तरी पुरतं. "क्रिस्टलच नको?" एवढंच डोमेनराव दिवसभर म्हणत होते. सुतकात सांत्वनाला जावं तसा मी गेलो. त्याच वर्षी अल्फाफोल्डचा खजिना जगाला फुकट खुला झाला. नुसता क्रम वाचून संगणक रचना सांगू लागला. डोमेनरावांच्या विद्यार्थ्यानं टॉक्स-आर उघडलं. अख्खं. 1 ते 294. आयुष्यात पहिल्यांदा डोमेनरावांनी आपलं प्रथिन डोक्यापासून शेपटापर्यंत पाहिलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही. या चित्रात जिथे संगणकाला खात्री असते तिथे निळा रंग, जिथे मुळीच नसते तिथे नारिंगी. डोमेनराव स्क्रीनच्या इतके जवळ गेले की नाक टेकलं. हात आणि पटल यांच्या मधला लांबलचक दोर नारिंगी, सैरभैर, कुठेही पडलेला. ते सरळ झाले. चेहऱ्यावर वर्षानुवर्षांत न पाहिलेलं तेज. "त्यालाही माहीत नाही," ते म्हणाले. घरी जाताना त्यांनी बाकरवडी घेतली.

मग 2023. ग्राझच्याच लोकांनी टॉक्स-आर आणि टॉक्स-एस यांचे बाहेरचे भाग एकत्र घेतले, त्यांचे क्रिस्टल केले आणि रचना सोडवली. तिचा सारांश असा. पित्ताला धरणारी पोकळी आहे ती टॉक्स-एसमध्ये. पण टॉक्स-एस एकटा असला तर ती नीट घडत नाही. टॉक्स-आरनं धरल्यावरच तिला आकार येतो. दोघं एकमेकांशिवाय अर्धवट.

मी रविवारी सकाळी गेलो होतो. पोहे झाले, मग डोमेनरावांनी कागदावर चित्र काढून हे सगळं वहिनींना समजावलं. वहिनी निवृत्त झाल्यापासून अशा गोष्टी ऐकून घेतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं ज्याला कान म्हणत होता, त्याला ऐकू येतच नव्हतं."

"तसं नाही म्हणता येणार..."

"ऐकणारी शेजारी बसली होती."

"टॉक्स-एस. हो. पण तिलाही एकटीला नाही येत. हा असला तरच."

"आणि यानं धरल्याशिवाय तिची घडी बसत नाही, आणि तिच्याशिवाय यानं उभं राहावं म्हणून तुम्ही माझ्या मांजराच्या मिश्या गोळा केल्यात."

डोमेनराव विचारात पडले. मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला टॉक्स-एसच्या पोकळीचं जरा मोठं चित्र काढायला घेतलं. वहिनींचं बोलणं त्यांना लागलं असेल असं मला वाटलं होतं. ते शेवटच्या तीन शब्दांत अडकले होते. "मिश्यांनी काम केलं असतं गं," ते चित्र काढता काढता म्हणाले, "जोडीला मिशी लावायला हवी होती."

माणूस हटला नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. मी ज्यांना हुशार समजत होतो अशा कित्येकांनी विषय तीनतीनदा बदलले. ज्या साली ज्याला निधी, त्या साली ते. डोमेनरावांना निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्यांनी नवा प्रकल्प लिहिला. कशावर, तर नारिंगी दोरावर. हात आणि पटल यांच्या मधली साधारण सत्तर अमिनो आम्लं. त्यांना वाली नाही. आतवाले 112 ला थांबतात, बाहेरवाले 199 ला सुरू करतात. डोमेनरावांनी जिथे जन्मभर सुरी चालवली त्याच्या पलीकडचा हा भाग. बाहेर पित्त लागल्याची खबर आत डीएनएपर्यंत जाते ती याच दोरावरून जात असणार, तर ती जाते कशी? प्रश्न चांगला होता. एवढा चांगला प्रश्न त्यांना सुचलेला पाहून मला थोडा हेवाच वाटला.

मुलाखतीला समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "या भागाला ठरावीक आकारच नसावा असं दिसतं. मग तुम्ही सोडवणार काय?"

"तेच तर!" असं डोमेनराव इतक्या आनंदानं ओरडले म्हणे, की अध्यक्षांनी पाणी मागवलं. पुढची वीस मिनिटं ते बोलले. वेळ दहाची होती.

महिन्याभरानं फोन आला. मंजूर झालं होतं. मी अभिनंदन केलं, पेढ्यांची आठवण दिली, आणि रक्कम विचारली.

"मागितली त्याच्या निम्मी."

"अरेरे. मग आता?"

"मग काय," डोमेनराव म्हणाले, "पस्तीसच घेतो. पहिली पस्तीस."

"आणि उरलेली?"

"ती कुणीतरी घेईल की रे. सगळं आपणच करायचं असतं का?"